गावाचा कचरा हाती घेताना: सुरुवात शेवटाकडून करा

ग्रामपंचायतीत नवं मंडळ निवडून आलं की पहिल्या काही मासिक सभांतच कचऱ्याचा विषय निघतो. कोणी म्हणतं घंटागाडी घेऊ, कोणी म्हणतं घरटी दोन डबे वाटू. ठराव होतो, डबे येतात, वाटपाचे फोटो निघतात. वर्ष उलटेपर्यंत त्यातल्या बऱ्याच डब्यांत धान्य भरलेलं असतं आणि गाडी ओला-सुका सगळा एकत्र घेऊन गावाबाहेरच्या ओढ्याकाठी रिकामी होत असते. मग दुसऱ्यांदा सांगायला गेलं की बाया सरळ विचारतात, "आम्ही वेगळं करून दिलं, तरी तुम्ही पुढं जाऊन एकत्रच करता ना?" या प्रश्नाला तुमच्याकडे खरं उत्तर नसेल, तर योजना त्या दारातच थांबते.

मी एका बाजाराच्या गावात ग्रामपंचायत सदस्य म्हणून हे काम पाहिलं आणि पुढे आसपासच्या गावांना ते उभं करायला मदत केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कचरा शेवटी कुठे जाणार आणि तो कोण घेणार, हे आधी ठरवायचं. मग कचरा वेगळा करायची शेड, मग माणसं, मग गाडी. डबे सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. नवे सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटाच्या ताई, सगळ्यांनी वाचाव्यात अशा बेताने.

१. तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते वाचून घ्या

घनकचऱ्याचे २०१६ चे नियम आता मागे पडले. त्यांच्या जागी २०२६ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. त्यात घरातच चार भाग करायला सांगितलं आहे: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब-ट्यूब, रंगाचे डबे, जुनी औषधं, पाऱ्याचा थर्मामीटर वगैरे. तुमच्या गावातल्या भिंतीवर अजून "ओला हिरव्यात, सुका निळ्यात" एवढंच रंगवलेलं असेल, तर पुढच्या वेळी रंगारी बोलवाल तेव्हा ते बदलून घ्या.

पैशाच्या बाजूने तुमचा संबंध स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ शी येतो. त्यात गाव "हागणदारीमुक्त अधिक" होण्याचे तीन टप्पे आहेत: उदयोन्मुख, उज्ज्वल आणि उत्कृष्ट. घनकचरा आणि सांडपाणी यांपैकी एकाची सोय असली की पहिला टप्पा, दोन्ही असले की दुसरा. तिसऱ्यासाठी गाव डोळ्यांना स्वच्छ दिसावं लागतं आणि जनजागृतीचे संदेशही लागतात. पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात जाऊन आपलं गाव ऑनलाइन नोंदीत कोणत्या टप्प्यावर दाखवलं आहे ते विचारा. पुष्कळदा कागदावर गाव आधीच बरंच पुढे गेलेलं असतं, आणि ते माहीत नसताना प्रस्ताव दिला की तो अडकतो.

२. गावाचा कचरा तराजूवर घाला

प्रस्तावात कचऱ्याचं प्रमाण लिहायचं असतं. बहुतेक जण दुसऱ्या गावाचा आकडा उतरवतात. तसं करू नका. गावठाण, एखादी वाडी, नोकरदार भाडेकरूंची आळी आणि बाजारपेठ, अशा चार भागांतून थोडी थोडी घरं निवडा. त्यांना दोन पिशव्या द्या आणि सलग ७ दिवस रोज वजन करा. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. भंगारवाल्याकडचा लटकता काटा चालतो.

यातून पहिली गोष्ट दिसेल ती ही की शेतकरी घरातून ओला कचरा फारसा निघतच नाही. शिळी भाकरी, भाजीची देठं गाई-म्हशींना जातात, उरलेलं कोंबड्या टिपतात, शेण-काडी उकिरड्यावर जाते. ओला कचरा येतो तो जनावरं नसलेल्या घरांतून, हॉटेलांतून, भाजीबाजारातून आणि चिकनच्या दुकानांतून. सुका मात्र सगळीकडून येतो, वस्त्या-वाड्यांवरूनसुद्धा. हे लक्षात आलं की ओल्यासाठी सगळ्या गावात रोज गाडी फिरवायची गरज उरत नाही, आणि डिझेलचा खर्च तिथंच कमी होतो.

३. शेवट ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चारही प्रकारांचा शेवट कागदावर नाव आणि गावासकट लिहिता आला पाहिजे.

विकला जाणारा सुका कचरा: पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काचेच्या बाटल्या. तालुक्याच्या ठिकाणचे दोन-तीन भंगार व्यापारी गाठा आणि भाव विचारायच्या आधी हे विचारा: किती माल साठला की गाडी पाठवाल? गाठी बांधून हव्यात की सुटा चालेल? कोणता माल अजिबात घेणार नाही? त्यांच्या नकाराची यादी तुमच्या दृष्टीने भावापेक्षा मोलाची, कारण तेच तुमच्या शेडमध्ये साठून राहणार आहे. गावात फेरी मारणारा भंगारवाला असेल तर त्याला बाहेर काढू नका. त्याला शेडवर बोलवा. त्याची रोजी बुडाली तर तोच घंटागाडीच्या आधी फिरून चांगला माल उचलेल आणि तुमच्याकडे फक्त न विकला जाणारा उरेल.

न विकला जाणारा सुका: कुरकुरे-वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने यातून पुन्हा प्लास्टिक काढणं परवडत नाही. यांची सोय तालुका पातळीवर होते. टप्पा २ मध्ये तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र उभं करायला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तिथे धूळ झटकायचं, तुकडे करायचं आणि गाठी बांधायचं यंत्र असतं, आणि तिथून माल सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत किंवा डांबरी रस्त्याच्या कामाला जातो. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, ते खरंच चालू आहे का, तिथलं यंत्र कोण चालवतं, हे स्वतः जाऊन बघा. फोनवर "चालू आहे" असंच उत्तर मिळतं. प्लास्टिक नेणारी संस्था केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, तेही पाहा, आणि प्रत्येक खेपेची वजनपावती घ्या.

ओला कचरा: इथे बहुतेक गावं नाडेप टाकी बांधतात आणि इथेच फसतात. टाकी वाईट नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, ती शेतातल्या काडीकचऱ्यासाठी बसवली होती. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर रचत टाकी एक-दोन दिवसांत भरायची आणि वरून शेणमातीने लिंपून टाकायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. "एक-दोन दिवसांत भरायची" हा भाग गावात कोणी पाळत नाही. रोज २०-३० किलो ओला कचरा आणून वरून टाकला जातो, टाकी दोन महिने उघडी राहते, लिंपण होतच नाही. कुत्री शिरतात, माश्या होतात, शेजारचा शेतकरी तक्रार करतो आणि टाकी बंद पडते.

तुमचा रोजचा ओला कचरा कमी असेल, तर लहान लहान कप्पे करा. एक कप्पा आठवड्यात भरेल एवढाच. प्रत्येक कप्प्यावर भरल्याची तारीख खडूने लिहा. ओल्यावर रोज तेवढाच पालापाचोळा किंवा उसाचं वाळलेलं पाचट टाका, अधूनमधून शेणकाला शिंपडा. वास येऊ लागला तर पाणी जास्त झालं आहे, कोरडं मिसळा. आठवडा होऊनही आत ऊब नसेल तर पाणी कमी आहे. मूठभर माल हातात दाबला की बोटांत ओल यावी, पण पाणी टपकू नये, एवढं प्रमाण ठेवा. गांडूळखत करायचं असेल तर ताजा कचरा थेट गांडुळांना देऊ नका. आधी १५ दिवस तो कुजू द्या, त्यातली उष्णता निघून जाऊ द्या. लिंबाची सालं, तेलकट उरलेलं, मटण-मासळी गांडुळांच्या वाफ्यात नको.

"२४ तासांत खत" देणारं विजेचं यंत्र विकायला हमखास कोणीतरी येईल. कचरा एका दिवसात कुजत नाही. अशी बरीच यंत्रं तो तापवून फक्त वाळवतात. ती भुकटी घेऊन त्यावर पाणी मारा आणि दोन दिवस झाकून ठेवा. पुन्हा वास सुटला तर ते खत झालेलं नाही. विजेचं बिल वेगळंच.

सॅनिटरी कचरा: तो इतर कचऱ्यात मिसळला की शेडवर वर्गीकरण करणाऱ्या ताईंच्या हातात येतो. त्यामुळे हा वेगळा घेणं टाळता येणार नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण, आणि गाडीला बाजूने टांगलेला वेगळा झाकणाचा डबा. विल्हेवाटीसाठी गट संसाधन केंद्रामार्फत जिल्ह्यात काय सोय आहे ते लेखी विचारा. शाळांत लावतात तसल्या लहान भट्टीत ओले डायपर नीट जळत नाहीत, नुसता धूर होतो. त्या भरवशावर गावाचा हिशेब मांडू नका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत जमा करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायला सांगा.

कीटकनाशकांच्या बाटल्या: ग्रामीण भागात हा प्रश्न शहरापेक्षा मोठा आहे. रिकामी बाटली फवारणीच्याच वेळी तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे ती घरात तेल-पाण्याला वापरली जात नाही. या बाटल्या गावच्या प्लास्टिकमध्ये मिसळू देऊ नका.

४. जागा

शेडला फार मोठी जागा लागत नाही, पण वादमुक्त लागते. गायरान दिसलं की सगळ्यांची नजर तिकडे जाते. सावकाश. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींबाबत कडक निकाल दिला आणि त्याच वर्षी राज्यानेही शासन निर्णय काढून गायरानाच्या वापरावर बंधनं घातली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे बांधलेली शेड पुढे अतिक्रमण ठरू शकते. ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा, जुनं बंद पडलेलं समाजमंदिर, वापरात नसलेलं गोदाम आधी शोधा.

कचरा भरावासाठी, म्हणजे उरलेला कचरा कायमचा पुरायच्या जागेसाठी, २०१६ च्या नियमांत नदीपासून १०० मीटर, आणि तळं, वस्ती, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर अंतर सांगितलं होतं. तुम्ही भराव करणार नसलात तरी ओल्या कचऱ्याच्या कप्प्यांसाठी ही अंतरं मनाशी धरा. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं ते जुन्या माणसांना विचारा, आणि वारा वस्तीकडे वाहतो का ते पाहा. शेडला पत्र्याचं छत, सिमेंटचा कोबा, बाजूने जाळी, पाण्याचा नळ, आणि बायका काम करणार असतील तर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली हवीच. अंदाजपत्रक करताना हीच खोली पहिली कापली जाते. ती कापू देऊ नका.

५. पैशाचा हिशेब, एकदाचा आणि दर महिन्याचा

टप्पा २ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घनकचऱ्यासाठी ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये. यातले ७० टक्के मिशनमधून आणि ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. समजा गाव ४,५०० लोकांचं आहे: एकूण २,७०,००० रुपये, त्यात मिशनचे १,८९,००० आणि तुमचे ८१,०००. एवढ्यात शेड, कप्पे आणि गाडी असं सगळं बसत नाही. म्हणून गाडीचा मोह आवरा आणि आधी शेड व कप्पे करा. प्रस्ताव देण्याआधी चालू दर पंचायत समितीत तपासून घ्या.

खरी अडचण दर महिन्याच्या खर्चाची असते. वित्त आयोगाचा निधी पगाराला चालत नाही. मजुरी, डिझेल किंवा चार्जिंग, हातमोजे, दुरुस्ती हे स्वनिधीतूनच भागवावं लागतं. घरपट्टीबरोबर आरोग्य कर घेतच असाल. त्याशिवाय कचरा सेवाशुल्क लावायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा. आकडा मांडताना सगळे देतील असं धरू नका. ९०० घरं, घरटी महिना ३० रुपये म्हणजे कागदावर २७,०००. दहातली सहा घरं देतील असं धरलं तर १६,२००. या १६,२०० मध्ये बसेल एवढंच काम पहिल्या वर्षी हाती घ्या. हॉटेलं, मंगल कार्यालयं, दुकानं यांचा दर वेगळा आणि जास्त ठेवा. कचरा त्यांचाच जास्त असतो आणि त्यांना ते मान्यही असतं.

भंगारातून योजना चालेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझं ठाम मत असं की विकलेल्या मालाचे सगळे पैसे वर्गीकरण करणाऱ्यांनाच द्यावेत. पुण्यात २००८ पासून काम करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत सुक्या मालाचं उत्पन्न कामगारांचंच असतं. पैसे हातात येतात तेव्हा दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, वेगळी ठेवली जाते.

६. माणसं

उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांशी बोला. एका गटाला वर्गीकरण आणि खत, असा लेखी करार करता येतो: कामाचे तास, मोबदला, विक्रीचा हिस्सा, सुट्टी, आजारपणात कोण येणार, हे सगळं त्यात असू द्या. रोजंदारी किमान वेतनाच्या खाली जाऊ नये. "बायका जवळच्या जवळ आहेत, कमी पैशात येतील" असं सभेत कोणी म्हणालं तर तिथंच थांबवा.

कामाला लावण्याआधी धनुर्वात आणि कावीळ-ब ची लस आरोग्य केंद्रातून द्या. गमबूट मापाचे आणा. सगळ्यांना एकाच मापाचे मोठे बूट आणले की ते दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जातात. पातळ रबरी हातमोज्यातून काच आरपार जाते. बांधकामावर वापरतात तसले जाड घ्या. वर्गीकरण जमिनीवर उकिडवं बसून करायचं नाही. कमरेएवढ्या उंचीचं टेबल, वर जाळी म्हणजे माती खाली गळते, आणि बाजूने ओळीत गोण्या टांगलेल्या. उभ्याने काम होतं, कंबर-गुडघे वाचतात आणि हात भरभर चालतो.

७. गाडी आणि वेळ

सगळ्यात अरुंद बोळाची रुंदी आणि सगळ्यात चढाची आळी पाहून मगच गाडी ठरवा. भरलेली ई-रिक्षा चढावर थांबते का, हे विक्रेत्याला तुमच्याच गावात गोण्या भरून दाखवायला सांगा. बॅटरी बदलायचा खर्च पहिल्याच दिवशी लिहून घ्या. गाव लहान असेल तर हातगाडीही पुरते.

वेळ ठरवताना नळाला पाणी कधी येतं ते बघा. पाणी आलं की घरातली सगळी माणसं हंडे-कळशांत गुंतलेली असतात; त्या वेळी घंटा वाजली तर दारात कोणी येत नाही, आणि गाडी गेल्यावर पिशवी कोपऱ्यावर पडते. आळीनिहाय पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर बसून गाडीचा मार्ग आखा, पाण्यानंतर तासाभराने ती त्या आळीत पोचेल असा. शेतावर जाणाऱ्यांसाठी सकाळी लवकर एक ठरलेली जागा ठेवा, तिथे ते पिशवी देऊन जातील.

गाडीत कप्पे करण्यापेक्षा वार वाटून घेणं जास्त चालतं. सुका आठवड्यातून दोनच दिवस. त्या फेरीत गाडी ओला घेतच नाही. ओला फक्त बाजारपेठ आणि जनावरं नसलेल्या आळ्यांतून, रोज. सॅनिटरीचा डबा रोज सोबत. गाडीतच एका वेळी एक प्रकार असला की "पुढं जाऊन एकत्र करता" हा संशय उरत नाही.

८. घरोघरी

आता डब्यांचा विचार करा. सुक्याला डबा लागत नाही, खिळ्याला टांगलेली खताची रिकामी गोणी पुरते. ओल्याला घरातली जुनी बादली चालते. सरसकट वाटप न करता ज्यांना खरंच हवा त्यांनाच द्या.

पहिले काही आठवडे बचत गटाच्या दोघी-तिघी गाडीबरोबर चालू द्या. मिसळलेला कचरा आला तर ओरडायचं नाही, दंडाची भाषा नाही. "ताई, एवढं वेगळं करून उद्या द्या, मी उद्या येतेच" म्हणून परत करायचा. आणि दुसऱ्या दिवशी खरंच जायचं. महिन्यातून एकदा प्रत्येक आळीतल्या काही बायकांना शेडवर न्या, टेबल दाखवा. दाखवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तुकडा, पण तो खतात येतो, गटारात जातो, चाळणीतून निसटतो, आणि त्याला वेगळं उचलणं कोणाला जमत नाही. पिशवी कापताना कोपरा पूर्ण न तोडता लोंबता ठेवायचा. बाया हे एकदा खतात हात घालून बघतात, मग कोणाला सांगावं लागत नाही.

९. बाजार, लग्नं, चिकनची दुकानं

आठवडी बाजारात संध्याकाळी उठताना उरलेली भाजी जागेवर टाकली जाते. बाजार उठायच्या तासभर आधी गाडी आत फिरवा, आणि चांगली पालेभाजी गोपालकांना परस्पर उचलू द्या. चिकन दुकानांची पिसं आणि आतडी कुठल्याही परिस्थितीत तुमच्या कप्प्यात नको. व्यापाऱ्यांना मिळून स्वतंत्र सोय करायला ठरावाने बांधा, परवाना नूतनीकरणाशी तो जोडा.

मंगल कार्यालयांना थर्माकोल आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या पत्रावळी बंद करायला सांगा. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे, त्यात प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचेही येतात. बचत गटाने स्टीलची भांडी भाड्याने द्यायची पेढी काढली तर त्यांना उत्पन्नही होतं.

१०. जाळणं आणि जुना ढीग

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली: साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड. ही माहिती फलकावर लावा, पण आधी ग्रामपंचायतीचाच झाडूवाला पालापाचोळा पेटवत नाही ना ते पाहा.

जुन्या ढिगावर जेसीबीने माती ओढून तो झाकू नका. तो आतून जळत राहतो आणि पावसात पाणी झिरपतं. नवा कचरा तिथे जाणं आधी पूर्ण थांबवा. मग ढीग चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळं करण्याचं काम जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडून मार्गी लावा.

लागणारी कागदपत्रं

ग्रामसभेचा ठराव (गणपूर्तीच्या नोंदीसह)
ग्रामपंचायत विकास आराखड्यात या कामाचा समावेश. नसेल तर निधी मिळत नाही
जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, आणि गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी
७ दिवसांच्या वजनाची नोंदवही
शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता. हा क्रम मोडून काम सुरू केलं तर बिल निघत नाही
बचत गटाशी करार, भंगार व्यापाऱ्याचं आणि तालुका प्लास्टिक केंद्राचं संमतीपत्र
कामाआधीचे, चालू कामाचे आणि पूर्ण झालेल्या कामाचे जिओ-टॅग फोटो, एकाच कोनातून
मोजमाप पुस्तिका आणि उपयोगिता प्रमाणपत्र

साहित्य: वजनकाटा, जाळीचं टेबल, गोण्या, फावडं, दाताळं, चाळणी, पाण्याचा झारा, प्रथमोपचार पेटी, आग विझवायला वाळूच्या बादल्या. गाठी बांधायचं यंत्र पहिल्या वर्षी नको. ते घेण्याआधी शेडला थ्री-फेज वीज आहे का ते बघा. वीजजोडणी नसल्याने कापडाखाली पडून असलेली यंत्रं मी एकाहून अधिक गावांत पाहिली आहेत.

पाहायला जायचं असेल तर

सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले जरूर बघा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं रूप पालटलं. ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा डांबरी रस्त्यात वापर, आणि लोक फिरायला येतील एवढी स्वच्छ जागा. तिथून पुढे गोव्यात साळगावला २०१६ पासून चालणारा मोठा प्रकल्प आहे, आसपासच्या अनेक पंचायतींचा कचरा तिथे एकत्र येतो. एकट्या गावाला न पेलणारं काम गावांनी मिळून कसं करावं, हे तिथे समजतं. सरपंच आणि सदस्य जाताना शेडवर काम करणाऱ्या ताईंना आणि गाडीच्या चालकाला बरोबर न्या. प्रश्न तेच नेमके विचारतात.

११. मुदत संपण्याआधी

मंडळ बदललं की गाडी उभी राहते, असं बऱ्याच ठिकाणी होतं. शेवटच्या सहा महिन्यांत एक फाइल तयार करून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आणि बचत गटाकडे एकेक प्रत ठेवा. त्यात आळीनिहाय वेळापत्रक, व्यापाऱ्यांची संमतीपत्रं, वजनपावत्या, सेवाशुल्काची थकबाकी, गाडीच्या सर्व्हिसिंगच्या तारखा आणि बचत गटाच्या कराराची मुदत कधी संपते ते असू द्या. करार मंडळाच्या मुदतीनंतर किमान सहा महिने चालेल असाच करा, म्हणजे मध्ये प्रशासक आला तरी ताईंचा मोबदला थांबत नाही.